वुडवर्डवरचा न बोललेला माणूस

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या उत्तरेला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या कडेनं घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले सत्तरी-पंचाहत्तरीतले लोक पाहिले, तेव्हा मला कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर बसणारे जुने मल्ल आठवले. कुठल्या मैदानात कुणाला कोणत्या डावावर आस्मान दाखवलं, सगळं तोंडपाठ. इथं कुस्तीच्या जागी पाव मैलाची शर्यत आणि डावाच्या जागी कार्बोरेटर, गिअर, मागच्या टायरची रुंदी. एका सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत कोण कुणाच्या किती पुढं निघालं, हे पन्नास-पंचावन्न वर्षांनंतरही हातवारे करून सांगणं चालू असतं. मामेभाऊ तिथल्या ट्रॉय गावात राहतो, त्याच्याकडे उतरून मी या गप्पा ऐकायला गेलो होतो. परतताना डोक्यात बसला होता तो या खुर्च्यांच्या रांगेत कधीच न बसलेला एक माणूस.

नाद तसा जुना. माझे वडील शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत होते. रिजेक्ट झालेलं सिलिंडर हेड उलटं ठेवून ते मला इंधन पेटतं ती पोकळी दाखवायचे. ही पोकळी करवंटीसारखी अर्धगोल असली तर व्हॉल्व्ह मोठे बसतात, हवा मोकळेपणानं आतबाहेर होते; पण असं हेड जड होतं, महाग पडतं आणि मशिनिंगला जीव काढतं. अमेरिकेत क्रायस्लरनं असंच इंजिन बनवलंय, त्याला ‘हेमी’ म्हणतात, असं त्यांनी एकदा सांगितलं. ४२६ घन इंच, म्हणजे जवळपास सात लिटर. आमच्या घरी तेव्हा लूना होती.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या गाडीत बसवलेलं अवाढव्य व्ही-८ इंजिन; वाचकांना एवढी आठवण पुरे. वुडवर्डबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. डेट्रॉईट नदीपासून पाँटिअ‍ॅक शहरापर्यंत सुमारे २७ मैलांचा हा रस्ता. अमेरिकेतला पहिला मैलभर काँक्रीटचा महामार्ग १९०९ मध्ये याच रस्त्यावर, सिक्स माइल आणि सेव्हन माइल या रस्त्यांच्या मधोमध झाला. याच रस्त्यावरच्या हायलंड पार्कला फोर्डनं १९१३ मध्ये फिरती असेंब्ली लाइन सुरू केली. रस्ता रुंद, मध्ये दुभाजक, आणि दुभाजकात ठरावीक अंतरावर वळून उलट दिशेला लागायच्या जागा. या वळणांनी वुडवर्डचं नशीब ठरवलं. पोरं रॉयल ओकच्या ‘टोटेम पोल’वर बर्गर खायची, गाडी वर ‘टेड्स’ या खाण्याच्या ठिकाणापर्यंत न्यायची, वळायची, पुन्हा खाली यायची. या येरझारांत शेजारच्या लेनमधल्या गाडीकडे बघून नुसती रेस दिली, की आव्हान पोहोचलं. सिग्नल सुटला की क्लच सुटला.

यात कंपन्यांचा हात होता आणि तो लपलेलाही नव्हता. बर्मिंगहॅम, ब्लूमफील्ड हिल्सकडे राहणारे मोटार कंपन्यांचे इंजिनिअर आणि साहेब लोक याच रस्त्यानं घरी जायचे. जनरल मोटर्सनं १९६३ च्या सुरुवातीला शर्यतींतून अंग काढून घेतलं, शिवाय मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही असा दंडकही होता. कंपनीच्याच पाँटिअ‍ॅक विभागात जॉन डिलोरिअन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पळवाट शोधली. टेंपेस्ट गाडीवर ३८९ घन इंचांचं इंजिन ‘ऑप्शन’ म्हणून विकायचं. त्या ऑप्शनचं नाव जीटीओ. पाच हजार खपतील असा अंदाज होता, पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या.

मार्च १९६४ च्या ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकानं या गाडीचे आकडे छापले. शून्यापासून ताशी ६० मैल ४.६ सेकंदांत, पाव मैल १३.१ सेकंदांत. वाचणाऱ्यांचे डोळे फिरले. पाँटिअ‍ॅकची जाहिरात सांभाळणारे जिम वँगर्स यांनी बऱ्याच वर्षांनी स्वतःच कबूल केलं, की चाचणीला दिलेल्या त्या गाडीत ३८९ चं नव्हे, ४२१ चं इंजिन होतं. रॉयल ओकच्या ‘रॉयल पाँटिअ‍ॅक’ या डीलरनं ती सजवून दिली होती. वँगर्स हा काही नुसता जाहिरातवाला नव्हता. १९६० च्या राष्ट्रीय ड्रॅग शर्यतीत त्यानं स्वतः स्टिअरिंग धरून जिंकलं होतं. हा कबुलीजबाब वाचल्यापासून वुडवर्डच्या आठवणी ऐकताना माझे कान जरा वेगळे झाले. छापील, सेकंदाच्या दशांशापर्यंत मोजलेला आकडा जिथं बनाव निघतो, तिथं तोंडी आठवणींचं काय? डॅशबोर्डवर शंभराची नोट ठेवायची, शेजारी बसलेल्याला म्हणायचं, मी गाडी सोडली की ही उचलून दाखव, तुझी; आणि तो पाठीमागे असा चिकटायचा की हात पुढं यायचाच नाही, ही गोष्ट वेगवेगळ्या गाड्यांबद्दल, वेगवेगळ्या गावांत तितक्याच खात्रीनं सांगतात. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ती आता कुणा एकाची राहिलेली नाही.

क्रायस्लरवालेही मागे नव्हते. जिमी अ‍ॅडिसनच्या ‘सिल्व्हर बुलेट’ या १९६७ च्या प्लिमथ जीटीएक्समध्ये ४८७ घन इंचांपर्यंत वाढवलेलं हेमी होतं आणि कंपनीच्या इंजिनिअरांची मदत त्यामागं होती. दिवसा वुडवर्डवरच पेट्रोल पंप चालवणारा माणूस रात्री त्याच रस्त्याचा राजा. या गाडीवर रकानेच्या रकाने लिहून झालेत, तेव्हा मी पुढं जातो.

कारण मला सांगायचंय ते गॉडफ्री क्वाल्सबद्दल.

१९७० च्या सुमाराला वुडवर्डवर अधूनमधून एक काळी डॉज चॅलेंजर यायची. मागच्या बाजूला पांढरा पट्टा. यायची, शर्यत लावायची, जिंकायची आणि निघून जायची. मग कित्येक दिवस, कधी महिनोन् महिने तिचा पत्ता नाही. बाकीचे लोक जिंकल्यावर ‘टेड्स’च्या आवारात बॉनेट उघडून उभे राहत, हा थांबतच नसे. म्हणून तिचं नाव पडलं ‘ब्लॅक घोस्ट’, काळं भूत. चालवणारा कोण, हे बहुतेकांना माहीत नव्हतं. तो होता डेट्रॉईट पोलीस खात्यातला मोटारसायकलवरचा वाहतूक पोलीस. ८२ व्या एअरबोर्न डिव्हिजनमधला माजी सैनिक. आणि कृष्णवर्णीय.

त्याची गाडी कशी होती हे मी कागदांवरून सांगू शकतो, कारण क्वाल्सनं गाडीचे कागद जपून ठेवले होते, आणि मला या सगळ्या प्रकरणात खरा बोलका साक्षीदार वाटतो तो हा कागदांचा गठ्ठा. १९६९ च्या डिसेंबरात त्यानं डेट्रॉईटच्या ‘रेनल ब्रदर्स’ या डीलरकडून गाडी घेतली. ४२६ हेमी, कागदोपत्री ४२५ अश्वशक्ती. चार गिअर, हातानं टाकायचे. मागचा अ‍ॅक्सल ‘डेना ६०’, गुणोत्तर ४.१०, म्हणजे हायवेवर इंजिन बोंबलत राहणार, पण सिग्नलवरून गाडी गोफणीतल्या दगडासारखी सुटणार. इथपर्यंत ही शर्यतवाल्याची यादी झाली. आता पुढचं बघा. त्यानं ‘एसई’ मागवली, म्हणजे स्पेशल एडिशन: कातडी सीट, मागची काच लहान, छतावर व्हिनाइलचं आवरण. ते आवरणही साधं नव्हे, मगरीच्या पाठीसारखे खवले असलेलं. शर्यतवाला माणूस गाडीतून वजन काढतो, जमलं तर मागची सीटसुद्धा उपटून टाकतो. यानं वजन वाढवलं. हेमी, चार गिअर आणि एसई हे तिन्ही एकत्र असलेल्या १९७० च्या मॉडेलच्या फक्त २३ चॅलेंजर आरटी बनल्या, म्हणजे असा विचार करणारी माणसं किती थोडी होती ते दिसतंच. मला या यादीत माणूस दिसतो. लग्नाच्या शालूसारखी निरखून निवडलेली गाडी आहे ही. शर्यत त्याला लावायचीच होती, पण रविवारी बायकोमुलांना घेऊन बाहेर पडताना ती देखणीही दिसायला हवी होती. निदान मी तरी ही यादी अशी वाचतो.

आता तो बोलला का नाही, याकडे येतो. सोपं उत्तर असं, की वाहतूक पोलिसानं भर रस्त्यात शर्यत लावलेली कळली असती तर नोकरी गेली असती. खरंच आहे. त्याची ही बाजू मी झाकणार नाही: ज्या गुन्ह्यासाठी तो दिवसा पावत्या फाडत असणार, तोच गुन्हा तो रात्री करत होता. ताशी शंभर मैलांच्या वर जाणाऱ्या दोन गाड्यांच्या पुढ्यात चौकातून एखादं कुटुंब आलं असतं तर काय, हा प्रश्न खुर्च्यांवरच्या गप्पांत फारसा निघत नाही आणि तो निघायला हवा.

पण दुसरंही एक उत्तर आहे आणि ते वुडवर्डच्या नकाशातच आहे. डेट्रॉईट शहराची उत्तरेची हद्द म्हणजे एट माइल रोड. त्याच्या पश्चिमेकडच्या भागात १९४१ मध्ये एका बिल्डरनं सुमारे सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत बांधली. पलीकडे कृष्णवर्णीयांची वस्ती आहे म्हणून त्याच्या नव्या घरांना सरकारी हमीचं कर्ज मिळत नव्हतं. भिंत झाल्यावर मिळालं. ती भिंत अजून उभी आहे. जुलै १९६७ मध्ये शहर पेटलं, ४३ माणसं गेली. त्या वर्षी पोलीस खात्यात शंभरामागे जेमतेम पाच कृष्णवर्णीय होते. चॅलेंजर गाड्या ज्या हॅमट्रॅमकच्या ‘डॉज मेन’ कारखान्यात बनत, तिथं मे १९६८ मध्ये कृष्णवर्णीय कामगारांनी मालक आणि युनियन दोघांच्याही विरोधात स्वतःची संघटना उभी केली. भिंत सोडली तर हे सगळं ती गाडी विकत घेण्याच्या आधीच्या अडीच वर्षांतलं.

आणि वुडवर्डच्या आठवणींमधली ‘टेड्स’, ‘टोटेम पोल’, सगळी ठिकाणं एट माइलच्या उत्तरेला, गोऱ्या उपनगरांत. त्या आवारात रात्री अकराला बॉनेट उघडून उभा राहिलेला गोरा पोरगा हा नुसता वात्रट पोरगा ठरला असता. पोलिसानं दम देऊन घरी पाठवला असता. क्वाल्सला ती सवलत होती, असं मला वाटत नाही. त्यानं याबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही, तेव्हा हा माझा अंदाज आहे आणि त्याची जबाबदारी माझी. मुळात अबोल माणसं असतातही. माझे वडील तसेच होते. पण ज्याला भूत म्हणून रंगवलं गेलं, त्यानं गायब होण्याचं कारण गूढ नसून अगदी रोजच्या व्यवहारातलं असावं, या विचारापासून मी हटायला तयार नाही.

पुढचा काळ भराभर सरतो. विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे हप्ते वाढवले, १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, १९७१ नंतर हेमी बंद झालं, १९७३ च्या ऑक्टोबरात तेलाची कोंडी झाली. क्वाल्सनंही १९७५ च्या आसपास शर्यती सोडल्या. गाडी गॅरेजमध्ये गेली. त्यानं ती विकली नाही की पुन्हा रंगवली नाही. घरातली मुलं ती पाहत मोठी झाली.

२०१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तो गेला. त्याआधी आजारपणात त्यानं गाडीचे मालकीचे कागद मुलाच्या हातात दिले आणि विकू नकोस, असं सांगितलं. मुलानं खटपट करून गाडी चालू केली. ती पुन्हा लोकांसमोर आली तेव्हा जुन्या शर्यतवाल्यांनी ती ओळखली, आणि अनेकांना पहिल्यांदा कळलं, की भुताला नाव होतं, हुद्दा होता, घर होतं. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत तिचा समावेश झाला. डॉजनं २०२३ साठी ‘ब्लॅक घोस्ट’ नावाच्या ३०० नव्या चॅलेंजर काढल्या, ८०७ अश्वशक्तीच्या, छतावर मगरीच्या खवल्यांचं चित्र असलेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात इंडियानापोलिसच्या लिलावात खुद्द मूळ गाडी विकली गेली. बोली ९,७५,००० डॉलरवर थांबली. लिलावाचं कमिशन धरून १०,७२,५०० डॉलर.

वडिलांचा शब्द मोडला, म्हणून हळहळणारे बरेच आहेत. मला त्यांचं पटत नाही. घर चालवणारा माणूस आपल्या लेकरांचं बघणार. वडिलांनी गाडी जवळपास ४६ वर्षं सांभाळली तीही घरच्यांसाठीच. एवढ्या पैशात ती विकली गेल्यानं त्यांच्या सांभाळण्याचं सोनंच झालं. मला हळहळ वाटते ती एकाच गोष्टीची. गॅरेजमधली ती ४० वर्षं कुणी टेपरेकॉर्डर घेऊन त्याच्यासमोर बसलं असतं तर? एकही शर्यत त्याच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. जे आहे ते हरलेल्यांनी सांगितलेलं.

वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे तो ऑगस्टमधला शनिवार, १९९५ मध्ये फर्नडेलच्या एका प्लंबरच्या डोक्यातून निघाला. मुलांच्या सॉकर मैदानासाठी निधी हवा होता. तीस-चाळीस हजार लोक येतील असं वाटलं होतं, अडीच लाख आले. क्रूझचा मार्ग पाँटिअ‍ॅकपासून फर्नडेलपर्यंत.

संध्याकाळी मामेभाऊ मला फर्नडेलच्या दक्षिण टोकाला घेऊन गेला. चकचकीत जीटीओ, रोडरनर, चेव्हेल एकामागून एक येत होत्या. एट माइलच्या अलीकडे दुभाजकातल्या वळणावर डावीकडचा दिवा लुकलुकायचा, लांबलचक बॉनेट हळूच फिरायचं आणि गाडी पुन्हा उत्तरेला लागायची. तासाभरात आम्ही पाहिलेल्या गाड्यांतली एकही सरळ पुढं गेली नाही. “पुढं काय आहे?” मी विचारलं. “डेट्रॉईट,” तो म्हणाला.