तिरळं नाही हो, शिकतंय!

बारशाला एखादी आत्या म्हणते, "डोळे अगदी आजोबांवर गेलेत!" आणि मागून कुणीतरी हळूच विचारतं, "जरासं तिरळं बघतं का गं?" बघतं खरं. बाराव्या दिवशी दोन्ही डोळ्यांचा मेळ कुठला बसायला? त्याला दिसतं तेही धूसरच. मांडीवर घेतलेल्या आईचा चेहरा तेवढा बरा दिसतो. तीन-चार महिन्यांनंतरही डोळा भटकत राहिला, तर मात्र 'मोठं झालं की जाईल' म्हणत बसू नये.

डोळे जन्मभर तेवढेच राहतात, हा घरोघरचा समज खोटा आहे. नवजात बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर लांब असतो, मोठ्या माणसाचा २४. बुबुळाची रुंदी मात्र पहिल्या दोन वर्षांतच जवळजवळ पूर्ण होते. म्हणून तर तान्ही मुलं इतकी टपोऱ्या डोळ्यांची दिसतात.

एवढ्या आखूड डोळ्याला खरं तर भलामोठा प्लस नंबर हवा. पण बाळाचं बुबुळ आणि भिंग जास्त फुगीर असतात, त्यामुळे प्रकरण दोनेक नंबरवर भागतं. पुढे डोळा लांबतो तसतशी तीही सपाट होत जातात आणि नंबर शून्याकडे सरकतो. हा हिशेब चुकून डोळा एक मिलिमीटर जास्त लांबला, तरी अडीच-तीनचा मायनस चष्मा लागतो. मुलांनी दिवसाउजेडी अंगणात, मैदानावर खेळावं, असं डॉक्टर सांगतात ते याचसाठी. उन्हापेक्षा मोबाइलची भीती कमी वाटणारे पालक मला कळत नाहीत.

पण डोळा वाढला म्हणजे नजर आली, असं नाही. बघायला मेंदू शिकतो. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला. उघडल्यावर डोळा ठणठणीत, पण मेंदू त्याला दाद देईना. या संशोधनाला १९८१ चं नोबेल मिळालं. मुलांच्या 'आळशी डोळ्या'चंही असंच. एका डोळ्याला नंबर असला तर मूल तक्रारच करत नाही, दुसऱ्यावर त्याचं निभतं. उपचार म्हणजे चष्मा, आणि गरज पडल्यास चांगल्या डोळ्यावर पट्टी. सात-आठ वर्षांच्या आत हे झालं तर गुण चांगला येतो.

घरी खेळता खेळता बाळाचा एकेक डोळा तळहातानं झाकून पाहा. एक डोळा झाकल्यावर ते खुशाल खुळखुळा बघत राहिलं आणि दुसरा झाकताच किरकिरून हात ढकलायला लागलं, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे न्या.