सहीच्या आधीच 'ध'चा 'मा'

एका वाचकांनी विचारले आहे: मुलाने हार्डवेअर वॉलेट आणून दिले, त्याचे सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर टाकून दिले. उद्या त्या संगणकात व्हायरस शिरला तर माझे बिटकॉइन राहतील का?

राहतील. पण हे उत्तर कुठवर खरे आहे ते नीट पाहायला हवे. जुलै 2024 मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजचे 23 कोटी डॉलर गेले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे 150 कोटी डॉलर गेले, तेव्हाही सह्या करणाऱ्यांच्या हातात अशीच यंत्रे होती. यंत्रे फुटली नाहीत, किल्ल्या चोरीला गेल्या नाहीत. तरी पैसे गेले.

आधी ते यंत्र बघू. पेनड्राइव्हएवढ्या त्या डबीत नाणी नसतात. नाण्यांच्या नोंदी जगभरच्या हजारो संगणकांवर उघड पडलेल्या असतात. डबीत असते एक प्रचंड गुप्त संख्या आणि तिच्यापासून निघणाऱ्या किल्ल्या. ही संख्या कागदावर उतरवून ठेवायची ती बहुधा 24 इंग्रजी शब्दांत. शब्द 2,048 च्या ठरलेल्या यादीतले, 'अबॅन्डन'पासून 'झू'पर्यंत, आणि पहिल्या चार अक्षरांतच प्रत्येक शब्द ओळखू यावा असे निवडलेले. मला त्यातला चोविसावा शब्द फार आवडतो. आधीचे 23 ठरले की त्या जागी यादीतले फक्त 8 शब्द चालतात, कारण त्या शब्दात आधीच्या सगळ्यांचा ताळा बसवलेला असतो. उतरवताना एखादा शब्द चुकला तर ताळा जवळपास नक्कीच जुळत नाही आणि यंत्र तिथेच अडते. ही यादी जपानीत आहे, कोरियनमध्ये आहे, चेकमध्ये आहे. मराठीत अजून नाही.

चेक भाषा त्यात आहे याचे नवल नको. 'स्लश' या नावाने ओळखले जाणारे मारेक पालातिनुस यांचे सुमारे 3,000 बिटकॉइन मार्च 2012 मध्ये भाड्याच्या सर्व्हरवरून चोरीला गेले होते. पुढे पावोल रुस्नाक यांच्यासोबत प्रागमध्ये त्यांनी 'ट्रेझर' हे यंत्र घडवले आणि 2014 मध्ये ते बाजारात आले. विचार साधा होता: इंटरनेटला जोडलेल्या संगणकाला किल्ली दिसूच द्यायची नाही. सोबतचे सॉफ्टवेअर शिल्लक दाखवते, व्यवहाराचा मसुदा तयार करते आणि केबलवरून डबीकडे धाडते. डबी तो मसुदा आपल्या इवल्याशा पडद्यावर दाखवते, बटण दाबले की आतल्या आत सही करते आणि फक्त सही बाहेर देते.

म्हणून घरच्या संगणकातला व्हायरस किल्ली पळवू शकत नाही. तो दुसरे एक करू शकतो. तुम्ही पैसे पाठवायचा पत्ता कॉपी करता, पेस्ट करताना तिथे चोराचा पत्ता उमटतो. संगणकाचा पडदा मात्र मूळचाच पत्ता दाखवत राहू शकतो. खरे काय ते डबीच्या पडद्यावर दिसते. आता माणसे काय करतात? पहिली चार अक्षरे, शेवटची चार अक्षरे, ठीक आहे, दाबा बटण. चोरांना हे चांगले ठाऊक आहे. नेमकी तीच अक्षरे जुळणारे पत्ते ते संगणकाकडून लाखोंनी पाडून घेतात.

इथे शनिवारवाड्यात डोकावल्याशिवाय राहवत नाही. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असा रघुनाथरावांचा हुकूम होता आणि आनंदीबाईंनी त्याचा 'मारावे' केला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. इतिहासकारांना तिचा भक्कम पुरावा सापडलेला नाही, बाईंवर अन्याय झाला असेही असेल. पण सुरक्षाशास्त्राचा धडा म्हणून ती चोख आहे: हुकुमावरची खूण खरी, हुकूम खोटा. कागदावरची सही मजकुराला बांधलेली नसते, सगळा घोळ तिथे होतो. 1977 मध्ये रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन यांनी हा घोळ गणिताने मिटवला. डिजिटल सहीच्या आकडेमोडीत मजकूरच मिसळलेला असतो. नंतर एक अक्षर बदलले तरी सही बाद. 

मग खोडसाळाने जागा बदलली. सही झाल्यावर मजकूर बदलता येत नाही ना, मग सहीच्या आधी बदलायचा, आणि सही करणाऱ्याला मूळचा मजकूर दाखवत राहायचे.

हे नेमके ओळखणारा माणूस डेन्मार्कमधल्या आरहूसचा. पीटर लँडरॉक मूळचे गटसिद्धांतातले गणिती. तोर्बेन पेडरसन यांच्यासोबत 1998 मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. त्यातला प्रश्न असा की, तुम्ही जे पाहता त्यावरच सही करता कशावरून? सही होते बिटांवर, डोळ्यांना दिसते ते चित्र, आणि मधले काम करते एक सॉफ्टवेअर. बिटकॉइन तेव्हा दहा वर्षे दूर होते. क्रिप्टोवरच्या लेखांत बिटकॉइनचे जनक सातोशी नाकामोतो पानोपानी भेटतात, लँडरॉक क्वचितच. खरे तर हार्डवेअर वॉलेटवरचा तो इवला पडदा त्यांच्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

आता बायबिट. व्यवहार नेहमीचा होता, इंटरनेटपासून दूर ठेवलेल्या 'थंड' तिजोरीतून रोजच्या खात्यात इथर, म्हणजे इथेरियमचे नाणे, हलवण्याचा. सह्या गोळा करणाऱ्या 'सेफ' या सॉफ्टवेअरच्या एका डेव्हलपरचा संगणक चोरांच्या ताब्यात गेला होता. त्यांनी संकेतस्थळाचा कोड असा बदलला की पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसावा आणि सहीला मात्र दुसराच जावा. त्या दुसऱ्या मसुद्यात इतर बदलांबरोबर एका रकान्यात 0 ऐवजी 1 होता. 0 म्हणजे समोरच्या कराराला, म्हणजे इथेरियमवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला, साधी हाक मारा. 1 म्हणजे त्या कराराचा कोड माझ्याच घरात, माझ्या अधिकारात चालवा. शेवटची सही मुख्याधिकारी बेन झोउ यांची होती. एफबीआयने चोरी उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडली. वझीरएक्सनेही आपल्या प्रकरणात हेच सांगितले की पडद्यावर दिसले एक आणि सही झाली दुसऱ्यावर. दोष कोणाचा यावर मात्र ती कंपनी आणि तिची तिजोरी सांभाळणारी कंपनी एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या.

डबीच्या पडद्याने का वाचवले नाही? बिटकॉइनचा साधा व्यवहार म्हणजे पत्ता, रक्कम, शुल्क. तो चार ओळींत मावतो. इथेरियमवरच्या कराराला दिलेला हुकूम म्हणजे शेकडो आकडे-अक्षरांची न तुटणारी माळ. डबीने ती दाखवली तरी वाचणार कोण? या व्यवसायात याला 'ब्लाइंड सायनिंग' म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे.

जाहिराती मात्र वेगळेच सांगतात. 'कधीच हॅक होणार नाही' अशी जाहिरात केलेल्या बिटफाय नावाच्या वॉलेटवर 2018 मध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाने 'डूम' हा व्हिडिओ गेम चालवून दाखवला होता. तेव्हापासून वॉलेटच्या खोक्यावरचे दावे मी करमणूक म्हणून वाचतो. चोरांना तर खोके फोडायचीही गरज नसते. नोव्हेंबर 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्टोअरवर 'लेजर' या वॉलेटसोबतच्या 'लेजर लाइव्ह' या सॉफ्टवेअरची नकली प्रत आली. तिने 24 शब्द मागितले, लोकांनी टाइप केले, काही लाख डॉलर गेले. खरे सॉफ्टवेअर ते शब्द संगणकावर टाइप करायला सहसा लावत नाही. ज्याने मागितले त्याच्यावर संशय घ्यावा.

करारांची ती माळ माणसाला कळेल अशा वाक्यात डबीवर दाखवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. त्यासाठी प्रत्येक कराराची वर्णनफाईल कुणीतरी लिहावी लागते आणि कुणीतरी तपासावी लागते, म्हणजे विश्वास ठेवायला आणखी दोन माणसे आली. लेजरच्या इथेरियम ॲपमध्ये ब्लाइंड सायनिंग मुळात बंद असते. वापरणारा सेटिंगमध्ये जाऊन, इशारा वाचून, ते स्वतः सुरू करतो, कारण त्याशिवाय पुष्कळसे करार पुढे सरकतच नाहीत.