शिडाच्या होडीतून डोमिनिकाला

माझा भाचा शिडाची होडी चालवतो, हे मला फोटोतूनच ठाऊक होते. यंदा फेब्रुवारीत त्याने मला होडीवर नेले. कॅरिबियन समुद्रातल्या ल सँत बेटांवरून दक्षिणेला डोमिनिका सुमारे वीस सागरी मैल. चार तासांचा पल्ला. पण बेटाचा आडोसा सुटला, पूर्वेचा वारा कुशीवर आला आणि होडी अशी कलंडली की मी रामरक्षा सुरू केली.

"मावशी, खाली बघू नकोस. समोर डोंगर बघ," भाचा ओरडला.

डोंगर होतेच. साडेसातशे चौरस किलोमीटरचे चिमुकले बेट, पण मोर्न दियाब्लोतँ हे शिखर 1,447 मीटर, म्हणजे आंबोलीच्या दुपटीहून उंच! ढग अडवून ठेवलेले, रान गच्च हिरवे. मूळच्या कालिनागो लोकांनी बेटाला नावच 'वाईतुकुबुली' दिले. अर्थ, 'तिची काया उंच'.

पोर्ट्समथच्या उपसागरात नांगर टाकला. पिवळे निशाण चढवून कागदपत्रे उरकली. दुसऱ्या दिवशी पहाटे एक नावाडी आम्हाला इंडियन रिव्हरवर घेऊन गेला. तिथे इंजिनला मनाई, वल्हीच मारायची. काठाच्या झाडांची मुळे भिंतीसारखी पाण्यात उतरलेली. बोलता बोलता त्याने 18 सप्टेंबर 2017 च्या रात्रीची, मारिया वादळाची गोष्ट काढली. छप्पर उडाले तेव्हा म्हातारी आई आणि मुलगी यांना घेऊन तो न्हाणीघरात बसला होता. सकाळी डोंगर तपकिरी, झाडाला पान नाही. "आईला ते दिसलं आणि ती रडली. छपरासाठी नाही रडली," तो म्हणाला.

ही आई घरात क्वेयोल बोलते. बेट 1763 पर्यंत फ्रेंचांकडे होते, नंतर इंग्रजांकडे गेले. फ्रेंचमधून घडलेली ही बोली मात्र घरात टिकली. शाळा इंग्रजी. नातीला आजीचे कळते, पण उत्तर ती इंग्रजीत देते. कालिनागोंची स्वतःची भाषा तर बोलणाऱ्यांअभावी केव्हाच संपली. हे ऐकताना मी भाच्याच्या लेकीकडे पाहिले नाही. आम्ही बेळगावकर घरात मराठी, दारात कन्नड अशी दोन्ही सांभाळत आलो. हिच्याशी मात्र मीच सोपे म्हणून इंग्रजी बोलत होते.

परतताना बाजारात चक्क नीरफणस मिळाला. होडीवर काप करून तव्यावर परतले, कोकणात करतात तसे. मिरपूड होती, हिंग नव्हता, चालायचेच. नावाड्याने जाताना पोरीला "सा का फेत?" म्हणजे "काय चाललंय?" असे शिकवले होते. उत्तर द्यायचे, "म्वें ला", म्हणजे "मी आहे." ती मला दहादा तेच विचारत होती.

"आता मराठीत विचार," मी म्हटले.

ती जरा थांबली. "काय करतेस, आजी?"

"काप तळतेय," मी म्हटले आणि पहिला काप तिच्या ताटलीत टाकला.