आजीच्या पेटीत शिवराई सापडली? विकण्याआधी आणि घासण्याआधी हे वाचा

घर आवरताना आजीची जुनी पेटी उघडली जाते. तळाशी हळदीकुंकवाने माखलेलं, काळपट पडलेलं तांब्याचं नाणं सापडतं. त्यावर ‘श्री राजा शिव’ अशी पुसट अक्षरं दिसतात. फोटो फॅमिली ग्रुपवर जातो आणि लगेच कुणीतरी लिहितं, “अरे, हे तर लाखांत जातं!”

खरंच जातं का? आणि नाणं अस्सल आहे हे ओळखायचं कसं? समजून घेऊया.

शिवराई म्हणजे काय?

१६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांनी स्वतःच्या नावाची नाणी पाडली : सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. मुघल आणि आदिलशाही नाण्यांवर फारसी मजकूर असायचा, इथे देवनागरी आली. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’ आणि कडेने ठिपक्यांचं वर्तुळ असतं.

नाव महाराजांचं, मग नाणं त्यांच्याच काळातलं का?

असेलच असं नाही. लोकांचा शिवराईवर इतका विश्वास बसला की पेशवाईतही त्याच मजकुराची नाणी पाडली जात राहिली आणि इंग्रजी अमलातही ती काही काळ बाजारात चालली. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असतील, तर ती दुदांडी शिवराई. ही पेशवेकालीन मानली जाते. घरोघरी सापडणाऱ्या शिवराया बऱ्याचदा अशा नंतरच्या काळातल्या असतात. त्या अस्सल असतात, पण दुर्मीळ नसतात. जुनं म्हणजे महाग, हे गणित इथे चालत नाही. किंमत ठरते ती प्रकार, नाण्याची अवस्था आणि तशी किती नाणी उरली आहेत यावर.

अस्सल की नक्कल?

• आकार : शिवराई हाताने, हातोड्याच्या घावाने पाडलेली असते. त्यामुळे ती पूर्ण गोल नसते. ठसा एका बाजूला सरकतो आणि काही अक्षरं नाण्याच्या बाहेर जातात. सगळी अक्षरं मधोमध, रेखीव आणि कड यंत्रावर कापल्यासारखी असेल तर शंका घ्या.

• कड : साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेवर बारीक जोडरेघ दिसू शकते. पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे असतात आणि अक्षरं मऊ, वितळल्यासारखी वाटतात. साध्या भिंगातूनही हे दिसतं.

• वजन : सुरुवातीच्या काळातली शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅमची असते. दुदांडी बहुधा त्याहून हलकी. सोनाराकडच्या काट्यावर वजन करून घ्या.

• लोहचुंबक : तांबं चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर ते नाणं नक्की खोटं. न चिकटल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण नक्कलही तांब्याची असू शकते.

आणि सोन्याचा होन सापडला तर? त्याचं वजन जेमतेम पावणेतीन ग्रॅम असतं आणि तो अत्यंत दुर्मीळ आहे. भेट म्हणून दिल्या जाणाऱ्या त्याच्या प्रतिकृती मात्र भरपूर आहेत. त्यामुळे तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय हुरळून जाऊ नका.

सर्वात मोठी चूक : घासणं

चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावून नाणं लखलखीत केलं की शेकडो वर्षांत चढलेला थर निघून जातो. सोबत अक्षरंही झिजतात. संग्राहकासाठी असं नाणं कमी मोलाचं ठरतं, शिवाय खरेपणाचा एक पुरावाही जातो. नाणं कडेने धरा आणि कोरड्या कागदी पाकिटात ठेवा.

‘लाखो रुपये देतो’ म्हणणाऱ्यांचं काय?

फोटो मागायचा, मोठी किंमत सांगायची आणि मग नोंदणी फी, कर किंवा कमिशनच्या नावाखाली तुमच्याकडूनच पैसे घ्यायचे, ही जुनी चाल आहे. यात रिझर्व्ह बँकेचं नावही वापरलं जातं. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केलं की ती अशा व्यवहारात पडत नाही आणि त्यासाठी कोणतीही फी किंवा कमिशन मागत नाही. विकणाऱ्यालाच आधी पैसे भरायला सांगितले, तर तिथेच थांबा.

नाणं दाखवायचं असेल तर नाणकशास्त्राचे अभ्यासक किंवा शहरातली नाणेसंग्राहकांची संस्था गाठा. एकाच्या मतावर न थांबता दोघांना विचारा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्थाही आहे.

कायदा काय सांगतो?

१०० वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. १९७२ च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या खरेदीदाराला कुरिअर करणं म्हणजे गुन्हा. पेटीतलं वारसाहक्काचं नाणं वेगळं आणि शेतात किंवा घराच्या पायात सापडलेलं वेगळं. जमिनीत दडवलेलं धन सापडलं, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

नाण्याची किंमत शेवटी काही शे रुपयेच निघाली तरी एक काम आजच करा. ते घरात कुठून आलं, कुणी जपलं, हे आजीला विचारा आणि पाकिटावर लिहून ठेवा. ही माहिती नंतर कुठलाही तज्ज्ञ सांगू शकणार नाही.