दुर्गम भागातील व्यवस्थापकांची कार्यप्रेरणा : चिखलदरा तालुक्याच्या संदर्भात

व्यवस्थापकाला कामास प्रवृत्त करणारे घटक कोणते, हा प्रश्न बहुधा कारखाने व बँकांच्या संदर्भात अभ्यासला जातो. चिखलदऱ्यासारख्या तालुक्यात मात्र व्यवस्थापक म्हणजे प्रामुख्याने शासकीय अधिकारी होय. प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी मनुष्यबळ, औषधसाठा व वाहन यांचे नियोजन करतो. पदनाम वेगळे असले तरी कार्य व्यवस्थापकाचेच आहे.

असे अधिकारी टिकावेत म्हणून महाराष्ट्र शासनाने 6 ऑगस्ट 2002 च्या निर्णयान्वये आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रांत काम करणाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणीचा लाभ दिला. हा लाभ त्या क्षेत्रातील सेवेपुरताच असतो. बाहेर बदली होताच वेतन मूळ श्रेणीवर येते.

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे 200 अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवरून 1959 मध्ये द्विघटक सिद्धांत मांडला. वेतन, निवास, सेवाशर्ती हे परिरक्षक घटक असमाधान रोखतात; कामाची ओढ मात्र कार्यसिद्धी, मान्यता व जबाबदारी यांतून निर्माण होते. या दृष्टीने एकस्तर वेतनश्रेणी ही गैरसोयीची भरपाई ठरते. ती न्याय्य आहेच, परंतु तिच्याकडून प्रेरणेची अपेक्षा करणे चुकीचे होय.

येथे डेव्हिड मॅक्लेलंड व डेव्हिड बर्नहॅम यांचा 1976 मधील लेख अधिक उपयुक्त वाटतो. चांगल्या व्यवस्थापकाला लोकप्रियतेपेक्षा संस्थेसाठी प्रभाव वापरण्याची गरज अधिक जाणवते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मेळघाटात नेमकी हीच गरज अपुरी राहते. 1993 मधील बालमृत्यूंनंतर आखलेल्या नवसंजीवन योजनेत पावसाळ्यापूर्वी धान्य व औषधे दुर्गम गावी पोहोचविणे अपेक्षित आहे. मृत्यू घडल्यास जाब वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारला जातो. रिक्त पद भरण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे नसतो. जबाबदारी खाली आणि अधिकार वर, ही रचना कोणत्याही भत्त्याने भरून निघत नाही.

बैरागड येथे दीर्घकाळ सेवा करणाऱ्या डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे (पद्मश्री, 2019) यांचा दाखला अशा वेळी हमखास दिला जातो. तो आदरणीय आहे, परंतु स्वेच्छेने आलेल्यांची निष्ठा हा नियुक्त अधिकाऱ्याचा मापदंड होऊ शकत नाही.

कार्यसिद्धीला काळही लागतो. 2005 च्या बदल्यांविषयीच्या अधिनियमानुसार पदावधी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा असतो. कोरकू गावांत विश्वास संपादन होईतो त्यातला बराचसा काळ सरतो. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत साठा व नस्त्या यांची नोंद होते. कोणत्या गावी भुमक्याशी आधी बोलावे लागते, याची होत नाही.