नवगावच्या दोन उंचवट्यांपाशी

मीरा रोडहून घोडबंदरच्या रस्त्यानं ठाण्याला माझं नेहमी जाणं असतं. टेंभी नाक्यावर १८७९ सालचं ज्यूंचं प्रार्थनामंदिर (सिनेगॉग) आहे, ‘शार हाशामाईम’, म्हणजे स्वर्गाचं दार. त्याच्यासमोरून जाताना दर वेळी वाटायचं, ही माणसं मुळात जिथे किनाऱ्याला लागली ती जागा एकदा बघावी. यंदा पाऊस सरल्यावर अलिबागजवळच्या नवगावला जाऊन आलो.

थळ आणि किहीम यांच्या मधलं हे गाव. कोकणातल्या या ज्यूंचं, म्हणजे बेने इस्राएलांचं, सर्वांत जुनं कबरस्तान इथं आहे. समाजाची परंपरा सांगते, की या किनाऱ्याजवळ त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेतं इथेच पुरली आणि त्यांवर दोन उंचवटे राहिले. आज शेजारी स्मारकस्तंभ आहे. ही घटना ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातली मानतात. काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. मला त्या वादापेक्षा एक गोष्ट मोठी वाटते. गलबताबरोबर धर्मग्रंथही बुडाले. उरली ती तोंडपाठ असलेली ‘शेमा’ ही एकच प्रार्थना. सुंता असो, लग्न असो की मयत, हे लोक तीच म्हणत राहिले. धंदा तेलाचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा बाहेरचा ज्यू आला, त्यानं बायकांसमोर तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले आणि त्यांनी ज्यू धर्माला चालणारे, खवले-पर असलेलेच वेगळे काढले, तेव्हा हे ज्यूच आहेत अशी त्याची खात्री पटली, अशी आठवण सांगतात. कोळ्यांच्या शेजारात शतकानुशतकं राहून त्यांनी ही निवड जपली होती.

उंचवट्यांखाली कोण आहे, ते कोणालाच माहीत नाही. नावं आली ती नंतरच्या पिढ्यांबरोबर, आणि ती नावं कोकणानं दिली. किहीमकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर, झिराडकर, चेऊलकर. सॅम्युएलचा सामाजी झाला, इझिकेलचा हसाजी. मुंबईत १७९६ साली मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर लोकांत सामाजी हसाजीच होते. त्यांच्या सिनेगॉगला समाज ‘जुनी मशीद’ म्हणे. मस्जिद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं असं मानतात. दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले होते आणि ते मंदिर हा त्यांचा नवस होता, असं समाजात सांगितलं जातं.

या माणसांची मायबोली मराठीच. वल्हांडणाच्या सणाला वाचायची ‘हगादा’ १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह, चित्रांसह छापली गेली. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी समाजाचा इतिहास लिहिला. तो १९३७ साली तेल अवीवमध्ये प्रसिद्ध झाला. तोवर लेखक हयात नव्हते.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. तिथे त्यांच्या लग्नांवरून धर्मगुरूंनी शंका काढल्या. समाजानं लढा दिला आणि १९६४ साली तिथल्या संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी एका प्रार्थनेवर शेकडो वर्षं धर्म टिकवला, त्यांना हे सिद्ध करावं लागलं याचं मला फार वाईट वाटतं. आज भारतात या समाजाची काही हजारच माणसं उरली आहेत. महाराष्ट्रानं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ साली.

माणसं गेली तरी कबरी इथंच राहिल्या. माझ्या मते हिब्रू आणि मराठी अक्षरं शेजारी-शेजारी कोरलेला प्रत्येक दगड हा मराठी भाषेचाही शिलालेख आहे. खाऱ्या वाऱ्यानं आणि पावसानं ती अक्षरं झिजतात. परदेशातली नातवंडं आजोबांची कबर शोधत येतात, तेव्हा अक्षर वाचता आलं तरच ती सापडते. रायगड, ठाणे किंवा पुण्याकडे तुमच्या गावाजवळ इस्राएली कबरस्तान असेल, तर तिथल्या राखणदाराची परवानगी घेऊन एकदा जा. दगड हलवू नका, घासू नका. नाव, गाव आणि साल वहीत उतरवून घ्या, फोटो काढा आणि जवळच्या सिनेगॉगमध्ये नेऊन द्या.