परदेशातील थकीत वेतन : दाद कोठे व कशी मागावी ?

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना पोटासाठी गाव सोडणे नवे नाही. पाटण-जावळीची माणसे मुंबईच्या गिरण्यांत व गोद्यांत गेली. खानापूर-आटपाडीचे गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरले. पुढे याच वाटेला आखाती देशांची शाखा फुटली. मुंबईत पगार अडला तर गाववाले होते, युनियन होती. दम्मामच्या किंवा दोह्याच्या छावणीत यांपैकी कोणी नसते.

घरी येणारा पैसा दोन-तीन महिने थांबला की कुटुंबीय सरपंचांकडे किंवा गुरुजींकडे येतात आणि तेथून त्यांना बहुधा जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाकडे पाठविले जाते. तेथे हात हलवीत परतावे लागते, कारण परकीय भूमीवरील मालकावर आपल्या कामगार अधिकाऱ्याची अधिकारिता चालत नाही. वेतनाचा दावा ज्या देशात काम झाले त्या देशाच्या कायद्यानुसार, तेथील कामगार खात्यापुढेच चालतो. भारत सरकारची मदत दोन बाजूंनी मिळते : त्या देशातील भारतीय दूतावासामार्फत, आणि भरती करणारा दलाल येथील असेल तर उत्प्रवासन अधिनियम, 1983 अन्वये उत्प्रवासी संरक्षकामार्फत. मुंबईत उत्प्रवासी संरक्षकाचे कार्यालय आहे. कुटुंबीयांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर घरूनच तक्रार नोंदविता येते. 2015 पासून ही सोय आहे. गावातील शिक्षकाने तासभर बसून ती नीट भरून दिली, तर त्या कुटुंबाच्या मुंबईच्या दोन-चार खेपा वाचतील.

आखाती देशांतील वेतन संरक्षण पद्धती समजून घेण्यास आपल्याकडील एक उदाहरण उपयोगी पडेल. पाटण तालुक्याचे सुपुत्र अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला. त्यानुसार व्यापारी मजुरी माथाडी मंडळात भरतो आणि मंडळ ती कामगारास देते. मालक व मजूर यांच्यामध्ये तिसरी संस्था उभी राहिल्यामुळे मजुरी बुडविणे अवघड झाले. संयुक्त अरब अमिरातीने 2009 मध्ये, सौदी अरेबियाने 2013 मध्ये आणि कतारने 2015 मध्ये सुरू केलेल्या पद्धतीत वेतन बँकेमार्फत द्यावे लागते व त्याची नोंद शासनाकडे जाते. मात्र फरक मोठा आहे. माथाडी मंडळ स्वतः पैसे देते. ही पद्धती पैसे न दिल्याचे केवळ दाखविते. तिजोरी रिकामी असलेल्या मालकाकडून वसुली होण्यासाठी कामगाराने स्वतः तक्रार करणे भागच असते.

सौदी अरेबियात तक्रार प्रथम मनुष्यबळ मंत्रालयाकडे समेटासाठी जाते. त्यासाठी 21 दिवसांचा अवधी आहे. समेट न झाल्यास प्रकरण कामगार न्यायालयात जाते. नोकरी संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. ‘साहेब आज देतो, उद्या देतो म्हणतात’ या भरवशावर वर्ष घालविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तसेच तक्रार न नोंदविता रागाच्या भरात छावणी सोडू नये. मालक कामगारास ‘फरार’ म्हणून कळवितो आणि वेतन मागणारा स्वतःच गुन्हेगार ठरण्याची वेळ येते.

दाव्याचा खरा आधार कागद. करारपत्राची प्रत, व्हिसा, ओळखपत्र, वेतनाच्या चिठ्ठ्या, बँकेचा उतारा आणि हजेरीची स्वतः ठेवलेली नोंद यांचा एक संच गावी असावा. सौदी न्यायालयात अरबी मजकूरच प्रमाण मानला जातो. सबब करार दोन भाषांत असेल तर दोन्ही प्रती घ्याव्यात.

कागदाचे मोल 2016 मध्ये दिसून आले. सौदी ओजर ही प्रचंड बांधकाम कंपनी अडचणीत आली आणि हजारो भारतीय कामगार महिनोन्महिने वेतनाविना छावण्यांत अडकले. जेद्दा येथील भारतीय वाणिज्य दूतावासाने अन्न पुरविले, परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंग स्वतः तेथे गेले आणि कामगारांच्या परतीची सोय झाली. परंतु परतीचे तिकीट म्हणजे थकबाकी नव्हे. त्याच कंपनीतील फिलिपिन्सच्या कामगारांना थकीत वेतनाचे धनादेश 2024 मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी, वटविता आले. इतका काळ दावा जिवंत राहतो तो कागदामुळेच. म्हणून मायदेशी निघण्यापूर्वी दावा नोंदवावा, त्याचा क्रमांक घ्यावा आणि पुढील कारवाई कोण पाहणार याविषयी दूतावासाशी बोलून आवश्यक ते मुखत्यारपत्र करून द्यावे.

अर्थात निम्मे काम निघण्यापूर्वीच करावयाचे असते. दहावी न झालेल्या व्यक्तीस आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासन अनुमती घ्यावी लागते. तालुक्याच्या गावी ही अटकाव करणारी कटकट समजली जाते आणि ‘पर्यटक व्हिसावर चला, तिथे बदलून देतो’ असे सांगणारा दलाल लोकांना सोयीचा वाटतो. वस्तुतः त्या अनुमतीमुळेच करार सरकारी दप्तरात नोंदला जातो. तिच्यासोबत काढावयाच्या प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू वा कायम अपंगत्वासाठी दहा लाख रुपयांचे संरक्षण तर आहेच, शिवाय नोकरीसंबंधीच्या दाव्याच्या कायदेशीर खर्चासाठी 45,000 रुपयांपर्यंत तरतूद आहे. पर्यटक व्हिसावर गेलेल्याकडे यांपैकी काहीच नसते.

दलालाची नोंदणी ‘ई-मायग्रेट’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत दलालास सेवाशुल्कापोटी तीस हजार रुपये व त्यावरील करापेक्षा अधिक घेता येत नाहीत, आणि घेतलेल्या रकमेची पावती त्याने दिलीच पाहिजे. विनानोंदणी भरती करणे हा 1983 च्या अधिनियमाखाली शिक्षापात्र गुन्हा आहे व त्याची फिर्याद स्थानिक पोलीस ठाण्यातही देता येते. गावात एखादा दलाल पारपत्रे गोळा करीत फिरत असल्यास त्याचा नोंदणी क्रमांक विचारण्यास पंचायत सदस्यांना कोणत्याही आदेशाची गरज नाही.